मदत हवी आहे: वीनर निर्देशांक सारखा, पण उत्कलनबिंदू वेगळे

नमस्कार. अणू म्हणजे बिंदू, बंध म्हणजे कडा, हायड्रोजन वगळायचा, अशा आलेखांवरून अल्केनचे (फक्त एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचे) गुणधर्म कसे कळतात ते मी शिकते आहे. हॅरोल्ड वीनर यांनी १९४७ साली मांडलेला निर्देशांक मला फार आवडला. प्रत्येक दोन कार्बनमधलं अंतर, म्हणजे मधले बंध, मोजायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, बस. पेंटेनच्या तीन समघटकांसाठी (तेच अणू, वेगळी रचना) ती २०, १८, १६ येते आणि उत्कलनबिंदूही त्याच क्रमाने उतरतात: साधारण ३६, २८ आणि ९.५ अंश सेल्सिअस. केवळ रचनेवरून एवढं कळावं, हे खरंच सुंदर आहे!

हेप्टेनपाशी मात्र अडले. ३-इथाइलपेंटेन आणि २,४-डायमिथाइलपेंटेन, दोघांचाही निर्देशांक ४८ येतो. प्रत्येक कडेच्या दोन्ही बाजूंना किती बिंदू आहेत त्या संख्यांचा गुणाकार करून, सगळ्यांची बेरीज घेऊनही पडताळलं. पण पहिलं सुमारे ९३ अंशांना उकळतं, दुसरं ८० ला. रँडिचच्या निर्देशांकात (तो प्रत्येक बंधाच्या दोन टोकांच्या अणूंना किती शेजारी आहेत त्यावरून काढतात) दोघं वेगळी पडतात (३.३५ आणि ३.१३). मग अशा वेळी दोन्ही निर्देशांक एकत्र वापरतात का, आणि कसे?

दुसरी अडचण त्याहून मोठी. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर, दोघांचा आलेख तीन बिंदूंची सरळ साखळीच. ऑक्सिजनच्या बिंदूला वेगळं वजन कोणत्या तत्त्वावर द्यायचं? अणुक्रमांकावरून, की संयुजा (बाहेरच्या कक्षेतल्या) इलेक्ट्रॉनांवरून? कुणी हाताने सोडवलेलं एखादं उदाहरण दिलंत तर फार मदत होईल.