परराज्यातून आलेल्या डॉक्टरची पुन्हा नोंदणी कशासाठी?

दोडामार्गकर: माझी वहिनी भूलतज्ज्ञ आहे. परराज्यात अकरा वर्षं काम केलं. आई अंथरुणाला खिळली म्हणून दादा-वहिनी गावी आले. आता जुन्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलची (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (कारवाई झालेली नसल्याचा दाखला), मग इथली नोंदणी. तीन महिने वहिनी घरी बसून आहे. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे ती देशातल्या कुठल्याही पेशंटला फोनवर सल्ला देऊ शकते. मग समोर बसलेल्याला का नाही? आमच्याकडचे पेशंट तर सर्रास गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात. त्यांना कोण अडवतं?

डॉ_सांगली: वहिनींची ओढाताण समजते, तरी मी विरोधातच आहे. उपचारात चूक झाली तर नातेवाईक जातील कुठे? महाराष्ट्रात 1965 च्या कायद्याने कौन्सिल आहे, ती तिच्याकडे नोंदलेल्यालाच जाब विचारू शकते. एनओसी काढून टाकली तर एका राज्यात निलंबित झालेला माणूस दुसऱ्या राज्यात बिनदिक्कत पाटी लावेल. शिवाय नवं शिकत राहिल्याचे 30 क्रेडिट पॉइंट दर पाच वर्षांनी दाखवावे लागतात, तो हिशेब कुणी ठेवायचा?

दोडामार्गकर: डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदवहीचं पोर्टल ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झालं. निलंबन तिथे दिसायला हवं.

डॉ_सांगली: दिसायला हवं, कबूल. पण ती माहिती भरणार राज्यांच्या कौन्सिलच ना? एकीने उशीर केला की संपलं.

सिस्टर_22वर्षं: मला भाषेची धास्ती वाटते. आमच्या वॉर्डात एक आजी "कसंनुसं होतंय, जीव घाबरतोय" म्हणत होत्या. मराठी न कळणाऱ्या नव्या डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहिली. मी ईसीजी काढायला लावला, हार्ट अटॅक निघाला. पण खरं सांगू? त्या डॉक्टरांची इथली नोंदणी व्यवस्थित होती. भाषा कौन्सिल तपासतच नाही, म्हणून त्या कारणासाठी कुणाला थांबवू नका.

पुणे_पालक: परदेशात शिकून आलेल्यांनाही असंच सोडायचं का? माझा मुलगा 300 पैकी 150 मार्कांसाठी रात्रंदिवस एफएमजीईचा, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या परीक्षेचा, अभ्यास करतोय.

दोडामार्गकर: नाही हो, ती परीक्षा हवीच. वहिनी भारतातच शिकली, भारतातच नोंदली गेली. माझी मागणी एवढीच: अर्ज केल्या दिवशी तात्पुरती परवानगी द्या, आणि त्या परवानगीतच लिहा की तक्रार महाराष्ट्रात चालेल. डॉक्टरसाहेब, एवढं झालं तर तुमची हरकत उरते का?

डॉ_सांगली: सहा महिन्यांची मुदत घाला. मग माझीही सही घ्या.