हत्तीरोगाच्या गोळ्या: मला काही झालेलं नसताना का गिळायच्या?

कोलारकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, सावनेरच्या बाजूला. मागच्या आठवड्यात आशाताई आणि एक आरोग्य सेवक घरी आले. वय विचारलं, उंचीची काठी लावली आणि तीन प्रकारच्या मिळून सात-आठ गोळ्या हातावर ठेवल्या. वर म्हणे, "आमच्यासमोरच गिळा, मागाहून घेतो म्हणू नका." जेवण झालेलं होतं, गिळल्या. रात्री मला कणकण आली, डोकं जड झालं. बायकोने तेवढ्याच घेतल्या, तिला काहीच नाही.

माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. मग मला औषध कशाला? उलट माझ्या मोठ्या काकूंचा डावा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला आहे, त्या दर मोहिमेत गोळ्या घेतात आणि पाय आहे तसाच. ज्याला रोग आहे त्याला गुण नाही आणि ज्याला नाही त्याला ताप, हा काय प्रकार? आणि लहानपणी हेच लोक रात्री दहा वाजता रक्त काढायला यायचे, ते तरी काहून?

जुना_लॅबवाला

रात्री दहा वाजता दार ठोठावणाऱ्यांपैकी मीच एक. नोकरीची बरीच वर्षं हत्तीरोग पथकात गेली. लोक चोर समजायचे, कुत्री अंगावर यायची आणि घरातली म्हातारी हमखास विचारायची, "दिवसा काय रक्त आटतं का?"

आटत नाही, पण दिवसा त्यात हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं सापडत नाहीत. या जंताचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी, आपल्या लसिकावाहिन्यांत (अंगात झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत) पाच-सात वर्षं जगते आणि लाखोंनी पिल्लं सोडते. ती पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दडी मारून बसतात आणि साधारण दहा ते दोनच्या दरम्यान हातापायांच्या रक्तात उतरतात. आपल्याकडचा वाहक क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. १८८१ साली लंडनमध्ये मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरने एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागवलं, तर काही दिवसांत पिल्लांनीही आपली पाळी उलटी करून घेतली!

बोटाला सुई टोचून थेंब काचेवर जाड पसरायचा. वाळला की पाण्यात धरून तांबडा रंग काढून टाकायचा, मग डाय लावायचा. रंगवलेल्या पिल्लाभोवती म्यान दिसतं आणि शेपटीचं टोक रिकामं असतं. टोकाशी दोन ठिपके असले तर तो दुसरा जंत, ब्रुगिया, केरळकडे आढळणारा. पण मला खरी मजा यायची ती न वाळवलेला ताजा थेंब बघताना. पिल्लू लगेच दिसत नाही. आधी एका कोपऱ्यातल्या तांबड्या पेशी उगाचच धक्काबुक्की करताना दिसतात. तिथे नजर ठेवली की मग त्यांना ढकलणारा वळवळता धागा सापडतो. ज्याचं रक्त तो इसम समोर खाटेवर बसून विडी ओढत असायचा, ठणठणीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ठणठणीत माणसात आहे. रक्तात पिल्लं खेळताहेत अशी बरीच माणसं वर्षानुवर्षं काहीही न होता हिंडत असतात. आणि ज्यांचा पाय हत्तीसारखा झाला, त्यांच्या रक्तात पुष्कळदा एकही पिल्लू सापडत नाही. जंत मरून गेलेले असतात, मागे राहते ती मोडलेली लसिकावाहिनी. गावात रोग चालू ठेवतात ते धडधाकट लोक, काकू नव्हेत. म्हणून गोळी तुम्हाला.

तुमची कणकण गोळीपेक्षा बहुधा मेलेल्या पिल्लांची असावी. एकदम हजारो मेली की शरीर भडकतं: ताप, डोकेदुखी, कधी ओकारी. एक-दोन दिवसांत उतरतं. रक्तात काहीच नसेल त्याला सहसा काही होत नाही, वहिनींना झालं नाही तसं. पैज मात्र लावणार नाही; नुसत्या गोळ्यांनीही कुणाकुणाचं डोकं दुखतं.

आर्वीचा_पाहुणा

त्या तीनपैकी एक आयव्हरमेक्टिन ना? ते गुरांचं औषध आहे. आमच्या बैलाला गोचिडांसाठी डॉक्टर त्याचंच इंजेक्शन देतात. कोरोनात त्याच्या नावाने काय काय चाललं तेही बघितलंय. माणसांना सरसकट वाटायचं म्हणजे कमाल आहे.

रिअॅक्टरशेजारी

मी औषधं बनवणाऱ्या कारखान्यात रसायनाच्या बाजूला आहे, म्हणून एवढ्यापुरतं लिहितो. आयव्हरमेक्टिन आधी गुरांसाठीच आलं, १९८१ साली. जपानमध्ये इतो शहराजवळच्या गोल्फ मैदानालगतच्या मातीतून सातोशी ओमुरांनी स्ट्रेप्टोमायसिस गटातला एक जीवाणू वेगळा केला, अमेरिकेत मर्कमध्ये विल्यम कॅम्पबेलांच्या चमूने त्याचा जंतांवरचा परिणाम हेरला. दोघांना २०१५चं नोबेल मिळालं. तो जीवाणू बनवतो ते अॅव्हरमेक्टिन. त्याच्या भल्यामोठ्या रेणूत पाच दुहेरी बंध असतात आणि त्यातल्या २२ व्या आणि २३ व्या कार्बनमधल्या एकाच बंधावर हायड्रोजन चढवायचा असतो, बाकीच्यांना धक्का न लावता. हे काम ऱ्होडियमचा उत्प्रेरक वापरून करतात. पाचातला एक निवडून बदलणं किती नाजूक असतं, ते रिअॅक्टरपाशी उभं राहिलेल्यालाच कळेल!

हे औषध कृमींच्या मज्जापेशींतल्या आणि स्नायूंतल्या ग्लुटामेटवर उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाटा उघड्याच ठेवतं, मग जंत लुळा पडतो. त्या वाटा माणसात नाहीत. थोड्या मिळत्याजुळत्या आपल्या मेंदूत आहेत, पण रक्त आणि मेंदूच्या सीमेवरचं एक प्रथिन हे औषध बाहेर उपसून काढतं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत ते प्रथिन बिघडलेलं असतं, म्हणून त्यांना मोठा डोस बाधतो. माणसाचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १० मिलिग्रॅम. काठी त्यासाठीच: घरोघरी वजनकाटा वागवण्यापेक्षा उंचीवरून गोळ्या ठरवतात. कोरोनाचा गोंधळ वेगळा, मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. जंतांवर मात्र दिसलेला आहे.

दुसरी गोळी डीईसी, म्हणजे डायइथिलकार्बामाझिन. १९४७ मध्ये लेडर्ले कंपनीत सापडली, तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे. रेणू अगदी साधा, पायपरेझिनचं कडं आणि त्याला दोन शेपट्या. गंमत अशी की परीक्षानळीत नेहमीच्या मात्रेत टाकलं तर पिल्लं खुशाल वळवळत राहतात. शरीरात गेलं की काही तासांत रक्तातून गायब! म्हणजे मारायचं काम आपल्याच पेशी करतात, औषध त्यांना पिल्लांवर सोडतं. तिसरी अल्बेंडाझोल, ती कृमींच्या पेशीतला सांगाडा उभा राहू देत नाही.

आधी फक्त डीईसी आणि अल्बेंडाझोल देत. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये छापून आले. एकदाच दिलेल्या तीन औषधांनी वर्षभरानंतरही ९६ टक्के लोकांचं रक्त साफ होतं, दोन औषधांनी ३२ टक्के. नागपूर जिल्हा या तिहेरी उपचाराच्या देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत होता.

आर्वीचा_पाहुणा

बरं. मग आफ्रिकेत ही तीन एकत्र का देत नाहीत? तिथेही हा रोग आहेच.

जुना_लॅबवाला

तिथे बऱ्याच भागांत नदीकाठचा आंधळेपणा आणणारा दुसरा जंत आहे. त्याची पिल्लं डोळ्यात असतात. डीईसीने ती डोळ्यातच मेली तर दृष्टी जायची. आपल्याकडे तो जंत नाही, म्हणून आपल्याला ही सोय आहे.

डासाचं एक सांगायचं राहिलं. मलेरियाचा परजीवी डासात संख्येने शेकडोपट वाढतो, याची संख्या अजिबात वाढत नाही. डासाच्या पोटातून छातीच्या स्नायूंत जातो, दहा-चौदा दिवसांत कात टाकून मोठा होतो आणि सोंडेत येऊन बसतो. जेवढी पिल्लं गेली त्याहून कमीच बाहेर पडतात, फार गेली तर डासच मरतो. आणि ती डासाच्या सोंडेतून थेट टोचली जात नाहीत. डास चावताना कातडीवर उतरतात आणि डासाने पाडलेल्या भोकातून आपणहून सरपटत आत शिरतात. त्यामुळे रोग लागायला वर्षानुवर्षं चावे खावे लागतात. म्हणजे गावाच्या रक्तातली पिल्लं काही वर्षं दाबून धरली, तेवढ्यात म्हातारे जंत मेले, की साखळी तुटते. सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळी बांधा, क्युलेक्सचं ते माहेर आहे.

कोलारकाठ

समजलं. नातीला दिल्या नाहीत, दोन वर्षांच्या आतली आहे म्हणून. सून पोटुशी, तिलाही नाही. काकूंचं काय करू?

जुना_लॅबवाला

दोघींचं बरोबर केलं त्यांनी. काकूंना रोज पाय धुवायला लावा. साधा साबण, गार पाणी, बोटांच्या बेचक्यांतून आणि कातडीच्या घड्यांतून, आणि मग मऊ फडक्याने नीट टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. अधूनमधून पाय लाल होऊन ताप येतो ना? ते जंतांचं नसतं, भेगांतून शिरलेल्या जीवाणूंचं असतं, आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते. भेग किंवा चिखल्या दिसल्या तर मलम त्याच दिवशी. झोपताना पायाखाली उशी. ताप आला तर मात्र धुण्यावर भागवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.