शब्दचर्चा: बेटावरची माती झिजते, मुरते की साचते?

प्रश्न
हवाई बेटांच्या मातीवर शाळकरी मुलांसाठी लेख लिहिते आहे. दोन शब्दांपाशी अडले. 'ज्वालामुखीची राख' म्हटलं की मुलांना चुलीतली राख आठवते. आणि 'मृदाजनन', म्हणजे माती तयार होणं, हा शब्द त्यांना परका वाटतो. 'खडक झिजून माती झाली' एवढं लिहिलं तर चालेल का?

उत्तर
ताई, 'राख' रुळलेला शब्द आहे, ठेवाच. फक्त पहिल्यांदा येईल तिथे सांगा की यात काहीच जळलेलं नसतं. उसळलेला शिलारस हवेत फुटतो, थिजतो आणि त्याची काचेसारखी भुकटी होते. तिच्यापासून होणारी माती फार वेगळी. हवाईतल्या हिलो गावाकडची ओली माती चिमटीत धरली तर आधी घट्ट लागते, चोळली की बुळबुळीत होते आणि बोटांना पाणी सुटतं. एकदा पूर्ण वाळली की तिचे खडे होतात, मग कितीही भिजवा, पहिल्यासारखी होत नाही. तिचं शास्त्रीय नाव 'अँडिसॉल', मूळ जपानी 'आन्दो', म्हणजे काळसर माती. 'राखमाती' असा नवा शब्द मात्र करू नका, मुलं ती करड्या रंगाची समजतील.

उत्तर
मला 'झिजून' खटकतं. सहाण झिजते, पायरी झिजते, म्हणजे घासून कमी होते. इथे खडक पाण्याने आतून बदलतो. खडकाच्या या बदलाला असलेल्या पुस्तकी 'विदारण' शब्दामध्येही फाडणंच आहे, 'हृदयविदारक' आठवा. मी 'खडक मुरतो' लिहीन. लोणचं मुरतं तसं: वेळ लागतो, ओल लागते आणि मूळ वस्तू ओळखू येईनाशी होते. हवाईतल्या काउआई बेटाचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, सुमारे ५० लाख वर्षं असा मुरला. त्यातली सिलिका (वाळूत असते ती) धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, माती लालभडक झाली. कोकणातल्या जांभ्याची गोष्ट हीच आहे.

पण ताई, अर्धी गोष्ट इथे सुटते. इतक्या जुन्या मातीत खडकातून आलेलं फॉस्फरस झाडांना जवळजवळ मिळेनासं होतं. तरी रान हिरवं आहे, कारण दर वसंतात मध्य आशियाच्या वाळवंटांतून हजारो किलोमीटर उडत आलेली धूळ तिथे पडते. लाखो वर्षांत तिनेच फॉस्फरस पुरवलं. हवाईच्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, नसतं, पण वरच्या मातीत त्याचे बारीक कण सापडतात, ते या धुळीतलेच. कॅल्शियम, मॅग्नेशियम समुद्राच्या तुषारांतून येतं. जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर असलेल्या बेटाची माती नुसती तिथल्या खडकाची नाही, हे मुलांना कळलंच पाहिजे. म्हणून 'मुरणे'च्या जोडीला 'भर पडणे' हवं.

उत्तर
एक छोटी भर. हवेत असतो तो धुरळा, खाली बसते ती धूळ. वाळवंटातून 'धुरळा' उठू द्या, बेटावर 'धूळ' बसू द्या. पायाखालचा फुफाटा इथे नको.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे: 'काउआईचा खडक पावसात मुरत गेला, त्यातलं झाडांचं अन्न सरत आलं, आणि आशियातून उठलेला धुरळा त्या मातीवर धूळ होऊन बसत राहिला.' 'मृदाजनन' काढून 'मातीची घडण' केलं.