ठराव नव्हे, करारनामा मागा
शेतातून टेलिफोन-इंटरनेटची केबल टाकायला चर खणणाऱ्या केबलवाल्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव दाखवला, म्हणजे आता काही करता येणार नाही, असं एकाने म्हटलंय. हे पटत नाही. पंचायत किंवा बांधकाम खातं परवानगी देतं ती त्यांच्या ताब्यातल्या जागेपुरती, तुमच्या गटात (तुमच्या मालकीच्या शेतात) खणायची परवानगी ते कुठून देणार? १८८५ च्या तार कायद्यात मालकाला फार विचारत नसत, झालेलं नुकसान भरून दिलं की संपलं. पण दूरसंचार कायदा २०२३ मधल्या कलम १२ नुसार खासगी जागेसाठी कंपनीने मालकाकडे अर्ज करायचा आणि मोबदला ठरवून करार करायचा. मालक नाहीच म्हणाला, तर सार्वजनिक हितासाठी जरुरी आहे हे केंद्र सरकारने ठरवावं लागतं, आणि तेव्हाही पैसे द्यावेच लागतात. ठेकेदाराच्या मुकादमाने ठरवून चालत नाही. (हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्याआधीची केबल असेल तर गोष्ट वेगळी.)

खरी मारामारी हद्दीची असते. आमच्या काकांच्या उसात केबलसाठी जेसीबी घातला तेव्हा 'रस्त्याच्या कडेनेच चाललोय' हेच उत्तर होतं. काकांनी भूमी अभिलेख कार्यालयात (जमीन मोजणारं सरकारी कार्यालय) पैसे भरून मोजणी आणली. चर सरळसरळ बांधाच्या आत निघाला, मग तोडलेल्या ठिबकाचे पैसे मिळाले आणि लाईनही सरकली. तेव्हा चर बुजवायच्या आत फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. एकदा नांगर फिरला की काय दाखवणार?