गुणवत्तेची संधी आधी मिळाली होती का?

हॉलिवूडमध्ये हल्ली वंश बघून कलाकार निवडतात, अशी तक्रार ऐकू येते. 'भूमिका गुणवत्तेवर द्या, वंश बघू नका' हे त्यामागचं मत तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण वंश बघणं हॉलिवूडमध्ये आत्ता सुरू झालं, हे अजिबात पटत नाही. 'द गुड अर्थ' (१९३७) ही चिनी शेतकरी कुटुंबाची गोष्ट. नायक पॉल म्युनी, नायिका लुईझ रायनर. दोघेही गोरे, रंगभूषा करून चिनी बनवलेले! लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, मूकपटांपासून नावाजलेली ॲना मे वाँग तेव्हा उपलब्ध होती. पण नायक गोरा ठरल्यावर तिची वाट बंदच झाली, कारण भिन्न वंशांतले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवणं हेज संहितेच्या (हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमावलीच्या) काळात निषिद्ध होतं. रायनरला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. वाँगला त्या भूमिकेत गुणवत्ता दाखवायची संधी मिळालीच नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

विविधता दाखवायची म्हणून तोंडी लावण्यापुरतं घेतलेलं पात्र मलाही खटकतं. नायकाला सल्ला देणारा कृष्णवर्णीय मित्र, ज्याला स्वतःचं घर नाही, इच्छा नाही. पण तो दोष लेखनाचा आहे. कलाकार बदलून तो जाणार नाही, लेखक आणि दिग्दर्शकांच्या खुर्च्यांवर कोण बसतं ते बदलायला हवं.