मान सातबाऱ्याला होता

एकत्र कुटुंब मोडलं म्हणून म्हाताऱ्यांचा मान गेला, हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. मान बराचसा सातबाऱ्यावरच्या नावाला होता. (तोही आजोबांना. आजीला कोण किती विचारायचं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.)

आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात बघा. द्राक्षाची छाटणी कधी धरायची, हे पूर्वी घरातला म्हातारा आभाळाकडे बघून सांगायचा. आता पोरगा मोबाइलवर हवामान बघतो, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग) आलेल्या पानाचा फोटो सल्लागाराला पाठवतो आणि फवारणी उरकून मोकळा होतो. बाबा ओट्यावर. कुणी वाईट वागत नाही, फक्त विचारत नाही.

नाशिक शहरात पेन्शन आहे, फ्लॅट आहे, पोरं पुण्यात नाहीतर परदेशात. ओटीपी आला की वॉचमनला हाक!

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर बक्षीसपत्राचंही (हयातीतच मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून देणारा दस्त) सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात दाद मागून परत मिळवता येते. पण ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या, नाहीतर सगळा वाद तिथेच अडकतो. "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं?" म्हणणारे खूप भेटतात. मग मृत्युपत्र करा ना. ते हयातीत कधीही बदलता येतं.