मदत हवी आहे: मुंबईतील आरोग्यसेवांची विषमता मोजताना कुटुंबांचे आर्थिक गट कसे पाडावेत?

नमस्कार. सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) माहिती वापरत आहे. गर्भवतींची तपासणी आणि बालकांचे लसीकरण या सेवा मुंबईतील गरीब व सुस्थितीतील कुटुंबांपर्यंत किती वेगवेगळ्या प्रमाणात पोहोचतात, हे मला दाखवायचे आहे. देशाची सरासरी सुधारली आहे, यात वाद नाही. १२ ते २३ महिन्यांच्या बालकांतील संपूर्ण लसीकरण चौथ्या फेरीतील ६२ टक्क्यांवरून ७६.४ टक्क्यांवर गेले. ही वाढ कोणाच्या वाट्याला किती आली, हे मुंबईपुरते पाहू लागले की घोडे अडते.

या सर्वेक्षणात उत्पन्न विचारले जात नाही. भिंती, छप्पर, शौचालय, पाण्याची सोय, टीव्ही, फ्रिज, दुचाकी अशा गोष्टींवरून संपत्ती निर्देशांक काढून देशभराच्या लोकसंख्येचे पाच समान गट पाडले जातात आणि त्यामुळे शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ७४ टक्के लोक वरच्या दोन गटांत जाऊन बसतात. गोवंडीतील दहा बाय बाराची एखादी खोली घ्या: विटांच्या भिंती, वीज, रंगीत टीव्ही, फ्रिज, प्रेशर कुकर, दोन मोबाइल, मात्र शौचालय सार्वजनिक, पाणी ठरावीक वेळेपुरते आणि माणसे सहा. मेळघाटातील कुडाच्या घरापेक्षा हे कुटुंब यादीत वर असणार, आणि ते बरोबरच आहे. पण तेच कुटुंब पार्ल्यातील स्वतःच्या फ्लॅटमधल्या कुटुंबाच्या लगतच्या गटात, कधी त्याच गटात आले, तर शहरातली दरी आकड्यांतून पुसली जाते.

माहितीच्या फाइलमध्ये शहरी कुटुंबांचे स्वतंत्र गटही दिलेले असतात, पण त्यांत देशातली सगळी लहानमोठी शहरे एकत्र येतात. म्हणून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरता निर्देशांक नव्याने काढावा, आणि त्यात दर खोलीमागे माणसे व सामायिक शौचालय यांना जागा द्यावी, असे मला वाटते. अडचण नमुन्याची आहे. दोन जिल्ह्यांतील त्या वयाची बालके मुळात थोडी, त्यांचे पाच भाग केले तर प्रत्येक गटात मोजकीच उरतात; खुद्द सर्वेक्षणाच्या अहवालातही २५ ते ४९ नोंदींवरचा आकडा कंसात टाकतात आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकडा छापतच नाहीत. अशा वेळी तीनच गट करावेत, की गट सोडून सर्व कुटुंबांच्या क्रमवारीवर कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स (गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत सेवा किती विषम वाटली गेली, हे सांगणारा एकच आकडा) काढावा? लसीकरण हो-नाही स्वरूपाचे असल्याने या इंडेक्ससाठी वॅगस्टाफ की एरिगर्स, यांपैकी कोणत्या अभ्यासकाने सुचवलेली दुरुस्ती योग्य ठरेल?

मार्गदर्शकांचा आग्रह जागतिक आरोग्य संघटनेच्या सेवा व्याप्ती निर्देशांकासारखा (आवश्यक आरोग्यसेवा लोकांपर्यंत किती पोहोचतात, हे सांगणारा) एकच आकडा देण्याचा आहे. तो १४ सूचकांच्या भूमितीय मध्यावर बेतलेला असतो; देशादेशांची तुलना करायला ठीक, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. सिझेरियनचे प्रमाण मी मुद्दाम वगळले आहे, कारण खाजगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के असताना जास्त आकडा म्हणजे चांगली सेवा, असे म्हणता येत नाही.

तिसऱ्या फेरीत (२००५-०६) मुंबईसह आठ शहरांसाठी झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे वेगळे आकडे दिले होते. त्यांच्याशी नव्या गटांची तुलना कोणी केली असल्यास पद्धत कृपया कळवावी. आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधील कोड मिळाला तर फारच उपकार होतील.